शेजाऱ्याचे झाड आमच्याकडे पडले, खर्च कोणाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळवाचा पहिला पाऊस झाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच फोटो येतो: आडवे झालेले झाड, त्याखाली कोणाची तरी गाडी, आणि खाली प्रश्न, "आता पैसे कोण देणार?" मी अकरा वर्षे कमिटीत आहे. शिवाय गावाकडे कोकणात कौलारू घर आणि चारही बाजूंनी लोकांच्या माडा-फणसांची सोबत. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा राहून झालो आहे. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर वकिलाकडे जाच, पण जाण्याआधी हे वाचून जा.

एका वाक्यात सांगा. झाड शेजाऱ्याचे, मग भरपाई शेजाऱ्याचीच ना?

नाही. झाड ठणठणीत होते आणि वाऱ्याने पाडले, तर ज्याचे नुकसान त्याचा खर्च. झाड वाळलेले, कुजलेले किंवा धोकादायक कललेले होते आणि मालकाला ते ठाऊक होते, किंवा जरा लक्ष दिले असते तर ठाऊक झाले असते, तर खर्च मालकाचा. सगळे भांडण या "ठाऊक होते का" वर येऊन थांबते. झाड पडल्यानंतर कोण किती मोठ्याने बोलला याला काही किंमत नाही. पडण्याआधी कोणी काय लिहून दिले होते, याला आहे.

हे कोणत्या कलमात लिहिले आहे?

"झाड पडल्यास भरपाई" असे एखादे कलम शोधाल तर सापडणार नाही. हा विषय अपकृत्य कायद्याचा, म्हणजे निष्काळजीपणा आणि उपद्रव यांचा. तो बराचसा न्यायालयांच्या निकालांतून घडला आहे.

आपल्याकडे सगळ्यात उपयोगाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, 1999 सालचा, दिल्ली महापालिकेच्या खटल्यातला. रस्त्याने स्कूटरवरून चाललेल्या माणसाच्या डोक्यावर झाडाची फांदी पडली आणि तो गेला. न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा असा: झाड वाळलेले किंवा मेलेले असेल आणि तो दोष मालकाला माहीत असेल किंवा माहीत असायला हवा असेल, तर मालक जबाबदार. महापालिकेला भरपाई द्यावी लागली.

उलट बाजूचा वकील बहुधा 1926 चा एक इंग्लिश खटला पुढे करेल. त्यात बीचच्या झाडाची फांदी प्रवासी गाडीवर मोडून पडली होती. पण आतली चीर बाहेरून कोणालाही दिसण्यासारखी नव्हती, म्हणून मालक सुटला. दोन्ही निकाल एकाच गोष्टीवर उभे आहेत: दोष दिसत होता की नव्हता.

शेजारी म्हणतो, "ही दैवी आपत्ती आहे, मी काय करू?"

कधी कधी त्याचे खरे असते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले तेव्हा रायगडात नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा झोपल्या. त्या दिवशी पडलेल्या निरोगी माडासाठी शेजाऱ्याला कोर्टात खेचण्यात अर्थ नव्हता.

पण जूनमधला नेहमीचा वारा ही काही दैवी आपत्ती नव्हे. पाऊस दरवर्षी येतो, वारा दरवर्षी सुटतो, आणि त्यात कमकुवत झाड पडू शकते हे शेंबड्या पोरालाही कळते. त्याच रात्री आजूबाजूची तशीच झाडे उभी राहिली आणि हेच एक पडले, तर "दैवी" हा शब्द फार टिकत नाही. म्हणून पडलेल्या झाडाबरोबर उभ्या राहिलेल्या झाडांचेही फोटो काढून ठेवा. हे सहसा कोणाला सुचत नाही.

झाड आधीपासूनच धोकादायक होते हे कसे दाखवायचे?

झाड स्वतःच सांगते, फक्त लाकूडतोडे येण्याच्या आत ते टिपून घ्यावे लागते.

आमच्याकडे पलीकडच्या सोसायटीतला गुलमोहर आमच्या दुचाकींच्या शेडवर आला तेव्हा सगळे जण शेडचे वाकलेले पत्रे आणि दबलेल्या स्कूटर मोजत होते. तळमजल्यावरच्या काकू मात्र बुंध्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे बघ, आत भुसाच आहे." खरोखर, मोडलेल्या जागी हाताच्या कोपराएवढी पोकळी, आत ओला तपकिरी चुरा, त्यात मुंग्या. बाहेरच्या सालीवर कानाच्या पाळीसारख्या चिवट बुरशीचे तीन थर. ती बुरशी एका रात्रीत येत नाही, तिला काही वर्षे लागतात. पुढच्या सगळ्या बोलण्यात शेडच्या फोटोंपेक्षा काकूंनी काढायला लावलेला तो फोटो कामी आला.

बघायच्या गोष्टी: बुंध्यावरची बुरशी, ढोली, उभी चीर, एका बाजूची वाळलेली फांदी, मुळांपाशी उचललेली माती, आणि खोदकामात तोडलेली मुळे. आंब्याला भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागली असेल तर भोकांतून भुसा गळतो. माडाचा शेंडा गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा खातात. झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसल्या की समजावे. शहरात एक कारण माणसानेच केलेले असते: बुंध्याला गच्च भिडवलेले पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट. पाणी नाही, हवा नाही, मुळे गुदमरतात. हे काम ज्याने करून घेतले त्याच्या निष्काळजीपणाचा तो चालताबोलता पुरावा आहे.

जातीलाही थोडे महत्त्व आहे. शेवग्याची फांदी बोटाने मोडते हे वेगळे सांगायला नको. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, दिसायला देखणा, लाकूड ठिसूळ, मुळे उथळ. रस्त्यांच्या कडेला हौसेने लावला आणि आता दर पावसाळ्यात तोच आडवा होतो.

झाड अजून उभे आहे, पण भीती वाटते. काय करू?

तुम्ही योग्य वेळी आलात. आधी जाऊन बोला, चहा प्या, झाड दाखवा. मग त्याच आठवड्यात पत्र द्या. बोलण्याचा पुरावा राहत नाही, आणि "तुम्ही कधी सांगितलंत?" हा प्रश्न शेवटी येतोच. पत्र लांबलचक नको. असे पुरे:

"स. न. वि. वि. आपल्या आवारातील, आमच्या पूर्वेकडील भिंतीलगतचा गुलमोहर आमच्या पार्किंगकडे कलला असून बुंध्यावर बुरशी व उभी चीर दिसत आहे. फोटो सोबत जोडले आहेत. पावसाळ्यापूर्वी तज्ज्ञांकडून पाहणी करून आवश्यक ती छाटणी करून घ्यावी, ही विनंती. झाड पडून नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी आपणावर राहील, याची कृपया नोंद घ्यावी."

खाली तारीख आणि सही. हाती दिले तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सोसायटीला दिले तर आवक क्रमांकाचा शिक्का. पोच देत नसतील तर पोस्टाने पाठवा. जुने रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि मिळाल्याची नोंद छापून ठेवा. एक प्रत महापालिकेच्या उद्यान विभागाला किंवा ग्रामपंचायतीला. व्हॉट्सअॅपचा मेसेजही चालतो, पण तो न्यायालयात द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. कागदाला असली कटकट नाही.

या पत्रानंतर "मला माहीतच नव्हते" म्हणायची वाट बंद होते. माझ्या मते या सगळ्या पानातली सगळ्यात किमती गोष्ट ही पोच आहे.

पत्र दिले, तरी शेजारी ढिम्म.

शहरात असाल तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा कायदा झाड वाचवण्यासाठी आहे, पण जीविताला किंवा मालमत्तेला धोका असलेले झाड काढण्याची वाटही त्यातच आहे.

दुसरा मार्ग फारसा कोणाला माहीत नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133) झाडाचा स्पष्ट उल्लेख आहे: पडून शेजारच्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होईल अशा अवस्थेतले झाड काढा किंवा त्याला आधार द्या, असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांताकडे करायचा. रीतसर काढलेल्या या आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही. मात्र हे कलम सार्वजनिक धोक्यासाठी आहे, दोन शेजाऱ्यांच्या जुन्या वैरासाठी नाही. अर्जावर आजूबाजूच्या चार घरांच्या सह्या असल्या की त्याला वजन येते.

मीच फांदी तोडून टाकली तर? आमच्याच अंगणात आली आहे.

आपल्या हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत छाटण्याचा हक्क जुन्या न्यायतत्त्वांप्रमाणे आहे. पण 1975 च्या कायद्यात "झाड तोडणे" या शब्दांत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. त्यामुळे नागरी भागात विनापरवाना कुऱ्हाड चालवलीत तर भरपाई मागणारे तुम्ही आणि गुन्हा तुमच्यावरच, अशी गंमत होईल. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे, तिथे तर विचारच नको.

गावाकडे 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. आंबा, फणस, साग, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर ही झाडे त्याच्या यादीत आहेत, ती परवानगीशिवाय तोडायची नाहीत. गोव्यात 1984 चा वृक्ष जतन कायदा लागू आहे आणि माड तिथला राज्यवृक्ष आहे.

छाटलेल्या फांदीवरचे आंबे? ते झाडाच्या मालकाचे. शेजारधर्म म्हणून पाटीभर तो तुम्हाला देईल ती गोष्ट निराळी.

झाड आत्ताच पडले. पहिल्या तासात काय?

वीज बघा. तारेवर झाड असेल तर कोणी हात लावू नका, महावितरणला 1912 वर सांगा. मग अग्निशमन दल 101, मुंबईत महापालिकेचा आपत्ती कक्ष 1916.

कटर येईपर्यंत फोटो आणि व्हिडिओ: मुळासकट झाड, मोडलेली जागा जवळून, हद्दीची भिंत दिसेल असे लांबून, आणि नुकसान. मोडलेल्या बुंध्याची एक चकती कापून बाजूला ठेवायला सांगा. अग्निशमन दलाला दिलेल्या खबरेची नोंद घ्या, तलाठ्याचा किंवा पोलिसांचा पंचनामा करून घ्या. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाडीवरचे झाड विमा कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी हलवावेच लागणार असेल तर आधी भरपूर फोटो. आणि झाडाखालची गाडी सुरू करून बघू नका.

गाडीचा विमा देतो का?

सर्वसमावेशक विमा असेल तर देतो. फक्त थर्ड पार्टी असेल तर रुपयाही नाही. हे अनेकांना झाड पडल्यावरच कळते. 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1,000 रुपये आणि त्यावरच्या कारला 2,000 रुपये तुमच्या खिशातून जातात. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो वर्षागणिक वाढत 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. म्हणून नुसती काच फुटली असेल किंवा बॉनेटला पोचा पडला असेल तर आधी गॅरेजवाल्याकडून अंदाजपत्रक घ्या, बोनसचा हिशोब मांडा, मग ठरवा.

आणि घराचा?

1 एप्रिल 2021 पासून "भारत गृह रक्षा" ही घराची प्रमाणित पॉलिसी आली आहे. वादळ तर तिच्यात आहेच, पण बाहेरची वस्तू आदळून होणाऱ्या नुकसानीत "पडणारी झाडे" असा शब्दच तिच्यात आहे. शेजाऱ्याची चूक होती की नव्हती, या वादात तुम्हाला पडावे लागत नाही. माझ्या पाहण्यात गाडीला विमा आणि घराला काही नाही असेच लोक जास्त. गाडी आठ लाखांची, घर ऐंशी लाखांचे. काय म्हणावे!

विमा कंपनीने पैसे दिले. आता शेजाऱ्याकडूनही घेऊ का?

त्याच नुकसानीचे दोनदा नाही. विमा कंपनीने दिलेल्या रकमेपुरता शेजाऱ्यावरचा हक्क कंपनीकडे जातो आणि ती त्याच्याकडून वसूल करू शकते. विम्यात न बसलेला भाग, म्हणजे खिशातून गेलेली रक्कम, तुम्ही मागू शकता. यातला सापळा असा की क्लेम चालू असताना शेजाऱ्याला "माझी काही तक्रार नाही" असे लिहून दिलेत तर कंपनी तुमच्याच क्लेमवर बोट ठेवेल.

कंपनीने क्लेम नाकारला तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत, फी नाही.

मालक नक्की कोण? सोसायटी, बिल्डर की भाडेकरू?

जमीन ज्याच्या ताब्यात आणि देखरेखीखाली, तो. सोसायटीच्या आवारातले झाड सोसायटीचे, मग ते कोणा सभासदाने हौसेने का लावलेले असेना. अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे) झाले नसेल तर कागदावर मालक बिल्डर असतो, पण छाटणी वर्षानुवर्षे सोसायटी करत असेल तर तिला हात झटकता येत नाहीत. अशा वेळी पत्र दोघांनाही द्या. भाडेकरूला सहसा मध्ये ओढू नये.

रस्त्याकडेचे झाड पालिकेचे. तिथे घड्याळ वेगाने पळते: महापालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि दावा सहा महिन्यांच्या आत. शेजाऱ्याविरुद्ध मात्र तीन वर्षांची मुदत असते. "बघू पावसाळ्यानंतर" म्हणत सहा महिने कधी उलटले हे कळत नाही.

शेजारचे घर बंद आहे. मालक मुंबईला, एक भाऊ दुबईला.

कोकणातला हा रोजचा प्रश्न. घर बंद असल्याने जबाबदारी बंद होत नाही. सातबारा काढा आणि त्यावर जेवढी नावे, तेवढ्यांना पत्र पाठवा. आमच्या गावच्या घराशेजारी असेच एक बंद घर आहे. त्यांच्या फणसाची वाळकी फांदी एका श्रावणात आमच्या पडवीवर आली. दोन वासे मोडले, रिपा तुटल्या, शंभरावर मंगळुरी कौले फुटली. सातबाऱ्यावर नऊ नावे. आठ जणांनी उत्तर दिले नाही. नवव्या, सगळ्यात धाकट्या वहिनींनी फोन केला, "भावजी, सुताराचं बिल पाठवा," आणि पैसे धाडले. कायद्याने त्यांना तसे करावे लागले असते की नाही, देव जाणे. आम्ही मागच्या वर्षी पत्र दिले नव्हते.

झाड बरोबर बांधावर आहे.

बुंधा ज्याच्या जमिनीत, झाड त्याचे. मुळे कुठे गेली यावर ठरत नाही. बुंधाच हद्दीवर असेल तर दोघांचे, म्हणजे छाटणीचा खर्चही दोघांचा. वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी.

पडलेले लाकूड कोणाचे?

झाडाच्या मालकाचे, तुमच्या अंगणात असले तरी. त्याला उचलायला सांगा, लेखी. सागाचे असेल तर तो धावत येतो आणि गुलमोहराचे असेल तर फोन उचलत नाही, हा अनुभव आहे. उचलत नसेल तर हटवण्याचा खर्च मागणीत धरा. चुलीत घालण्याआधी मात्र विचारा.

सरकार काही देते का?

नैसर्गिक आपत्तीत घर पडले, पत्रे उडाले तर तलाठ्याच्या पंचनाम्यावरून तहसीलमार्फत मदत मिळते. ती मदत आहे, भरपाई नाही. मृत्यू झाल्यास वारसांना आपत्ती निधीच्या निकषाप्रमाणे चार लाख रुपये मिळतात. शेजाऱ्याविरुद्धचा हक्क त्याने बुडत नाही.

माणूस जखमी झाला किंवा गेला तर?

मग प्रकरण दिवाणीपुरते राहत नाही. धोका माहीत असून दुर्लक्ष केले असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अशा वेळी हे पान बंद करा आणि वकील गाठा.

कोर्टात जाण्यात अर्थ आहे का?

वर सांगितलेल्या दिल्लीच्या खटल्यात फांदी पडली 1964 ला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 1999 ला. तीस-चाळीस हजारांच्या शेडसाठी मी तरी जाणार नाही. वकिलाची नोटीस पाठवा, ती बऱ्याचदा पुरते. नाहीतर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालत. तिथे झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते, तिच्यावर अपील नाही. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आमच्या गुलमोहराचे प्रकरण तर कमिटीच्या खोलीतच मिटले. आम्ही एप्रिलमधल्या पत्राची शिक्का मारलेली प्रत टेबलावर ठेवली, शेजारी बुरशीचा फोटो. त्यांच्या सेक्रेटरींनी दोन्ही उलटून पाहिले आणि विचारले, "शेडचं कोटेशन आणलंय का?"

आणि झाड माझेच असेल तर?

मग मे उजाडण्याआधी एकदा त्याच्याभोवती फिरा. बुंध्यावर लाकडी दांड्याने ठोका. पोकळ झाड ढोलासारखे वाजते. सिमेंट भिडलेले असेल तर मीटरभर गोल मोकळा करा. परवानगी काढून जाणकाराकडून छाटणी करून घ्या आणि बिल फाइलला लावा, कारण उद्या काळजी घेतली होती हे दाखवायची पाळी तुमच्यावर येईल. घाबरून सरसकट शेंडा उडवू नका. तोडलेल्या जागी पाणी मुरते, कूज तिथूनच सुरू होते, आणि पाच वर्षांनी पत्र लिहायची पाळी शेजाऱ्यावर येते.